बारशाचं पनीर: मालाडमधलं एक प्रकरण

मे महिन्यातल्या एका रविवारी रात्री साडेअकराला फोन वाजला. मालाडला घरगुती पनीर करून विकणाऱ्या एक ताई होत्या. आवाज कापत होता. "मॅडम, संध्याकाळी एका बारशाला माझं पनीर दिलं होतं. लोकांना उलट्या होतायत. मी काय करू?"

मी अन्नातल्या सूक्ष्मजीवांच्या तपासणीचं काम करते. ताईंना आधी दोन गोष्टी सांगितल्या. ज्यांना त्रास होतोय त्यांना ओआरएस द्या, लहान मुलं आणि म्हातारी माणसं असतील तर डॉक्टरकडे न्या. आणि उरलेलं पनीर कुणालाही फेकू देऊ नका, आहे त्या डब्यासकट फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये मात्र नको. गोठवलं की काही जंतू मरतात आणि मोजणी खोटी येते. अशा वेळी घरातलं माणूस घाबरून सगळ्यात आधी भांडं घासून टाकतं, आणि भांड्याबरोबर पुरावाही मोरीतून वाहून जातो. यजमानांच्या फ्रिजमध्ये चाटचे तुकडे शिल्लक होते. शिवाय त्याच घाण्यातली, न कापलेली एक लादी ताईंच्या घरी होती. पुढचं सगळं त्या दोन डब्यांमुळे उलगडलं.

कोणी काय खाल्लं

सोमवारी सकाळी मी प्रयोगशाळेत जाण्याआधी बारशाच्या घरी गेले. वही काढली आणि एकेकाला विचारत बसले: काय खाल्लं, किती वाजता, त्रास कधी सुरू झाला, ताप आला का. जेवणात मसालेभात, पुरी-भाजी, श्रीखंड आणि पनीर, मका, काकडी घातलेलं थंड चाट होतं. पनीर तसंच, न परतता घातलेलं. जेवणं सातच्या सुमारास झाली आणि पहिली उलटी साडेनऊला. मध्यरात्रीपर्यंत 12 जण आडवे झाले होते. ताप कुणालाच नव्हता, आणि सकाळी बहुतेक जण चहा पीत माझ्याशी बोलत होते.

नुसत्या या वेळापत्रकावरून बरंच कळतं. साल्मोनेला हा जंतू असता तर त्रास सुरू व्हायला निदान सहा तास, बऱ्याचदा एक-दोन दिवस लागले असते आणि सोबत ताप असता. दोन-चार तासांत उलट्या म्हणजे पोटात जंतू वाढून आजार झालेला नाही, जंतूंनी आधीच तयार करून ठेवलेलं विष पोटात गेलंय. असं विष करणारे दोन मुख्य संशयित असतात. एक स्टॅफिलोकॉकस ऑरियस, जो आपल्या नाकात, त्वचेवर, जखमेत असतो. दुसरा बॅसिलस सिरियस, जो शिजवून बाहेर ठेवलेल्या भातात वाढतो. मसालेभात दुपारीच करून ठेवलेला होता, त्यामुळे त्याच्यावरही संशय घ्यायलाच हवा होता. पण भात खाऊन चाट न खाल्लेल्यांपैकी एकालाही काही झालं नव्हतं.

एका नातेवाईकांनी उरलेले पनीरचे तुकडे घरी नेले होते. रात्री त्यांनी ते तव्यावर खरपूस परतून तिघांत वाटून खाल्ले. तिघांनाही उलट्या झाल्या. "पण आम्ही तर चांगलं परतलं होतं हो," त्या काकू मला पुन्हा पुन्हा सांगत होत्या. त्या खरंच बोलत होत्या. स्टॅफिलोकॉकस उष्णतेने मरतो, पण त्याचं विष उकळल्यानंतरही टिकतं. काकूंच्या या एका वाक्याने माझा संशय जवळपास पक्का झाला.

दोष दुधाचा?

एव्हाना सोसायटीने निकाल लावून टाकला होता: तबेल्याचं दूध खराब. ताईंनीही सोमवारी दूधवाल्या भैयांचे पैसे अडवून ठेवले. जोगेश्वरीला त्यांचा तबेला आहे. तीस वर्षं मुंबईत काढलेला माणूस, मराठी चांगलं बोलतो.

मंगळवारी पहाटे तीनला मी तिथे पोचले. पहिली धार त्याच वेळी निघते. भैया म्हणाले, "आमचं दूध लोक उकळून पितात, मॅडम. कच्चं कोण पितं?" त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं. मुंबईत घरोघरी दूध आल्याबरोबर तापवतात. आजीच्या काळापासून चालत आलेल्या त्या सवयीने आपल्याला किती आजारांपासून वाचवलंय, याची आपण कधी मोजदाद केली नाही. पण मला पाहायचं होतं ते वेगळं होतं. स्टॅफिलोकॉकस दूध उकळण्याआधीच त्यात भरपूर वाढला असेल, तर उकळल्यावर जंतू मरतील आणि विष मात्र तसंच पनीरमध्ये उतरेल. मग ताईंची काही चूक नसतानाही हेच घडलं असतं.

नमुना कसा घेतला ते थोडं सविस्तर सांगते, कारण निम्म्या चुका इथेच होतात. कॅनमधलं दूध आधी निर्जंतुक केलेल्या दट्ट्याने वरपासून खालपर्यंत ढवळलं. न ढवळता वरचं दूध घेतलं तर साय येते, आणि सायीबरोबर जंतूही जास्त येतात. मग निर्जंतुक बाटलीत 200 मिलिलिटर दूध घेतलं. बाटलीवर वेळ आणि दुधाचं तापमान लिहिलं, आणि बाटली बर्फाच्या पेटीत ठेवली. रासायनिक तपासणीच्या दुधात टिकण्यासाठी फॉर्मलिन घालतात, जंतूंच्या तपासणीत तो थेंबभरही चालत नाही. ताईंकडे जुना एक अहवाल होता, "सर्व काही मर्यादेत" असा. तो नमुना त्यांनी स्वतः घरच्या स्टीलच्या डब्यात भरून, रिक्षाने, बर्फाशिवाय नेऊन दिला होता, आणि तपासणी झाली होती फक्त एकूण जंतू आणि कोलिफॉर्म, म्हणजे अस्वच्छतेची खूण मानले जाणारे जंतू, यांची. तो कागद त्यांनी फ्रेम करून भिंतीवर लावला होता. मी त्यांना त्याबद्दल रागावू शकले नाही. नमुना कसा आणायचा हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

तबेल्यात प्रत्येक म्हशीच्या चारही सडांचं थोडं थोडं दूध चार वाट्यांच्या प्लास्टिकच्या थाळीत घेऊन त्यात जांभळं द्रावण मिसळलं. कासेला सूज असेल तर दूध जेलीसारखं घट्ट होतं. याला कॅलिफोर्निया मॅस्टायटिस चाचणी म्हणतात, आणि ती गोठ्यातच दोन मिनिटांत होते. दोन म्हशींच्या एकेका सडाचं दूध घट्ट झालं. वरून दोन्ही जनावरं ठणठणीत होती, भैयांना दगडीची, म्हणजे कासेच्या या आजाराची, काहीच शंका आली नव्हती. आणखी एक गोष्ट दिसली: सगळ्या म्हशींच्या कासा एकाच ओल्या फडक्याने पुसत होते.

प्रयोगशाळेत आल्यावर मिथिलीन ब्लूची चाचणी लावली. 10 मिलिलिटर दुधात 1 मिलिलिटर निळा रंग घालून नळी 37 अंशांच्या पाण्यात ठेवायची. जंतू जितके जास्त, तितका रंग लवकर उडतो. अर्ध्या तासात उडाला तर दूध वाईट, पाच तास टिकला तर उत्तम. आमच्या नळीतला रंग चार तासांनी गेला, म्हणजे दूध चांगल्या प्रतीचं. एकूण जंतू मिलिलिटरला 4.6 लाख. भारतीय मानकांप्रमाणे 2 लाखांपर्यंत फार चांगलं आणि 10 लाखांपर्यंत चांगलं धरतात. स्टॅफिलोकॉकस मिलिलिटरला 300 निघाले, बहुधा त्या दोन सडांतून आलेले. विष तयार व्हायला साधारण लाखाच्या वर जंतू लागतात.

पण मी तिथे थांबले नाही. मंगळवारचं दूध चांगलं निघालं म्हणून रविवारचंही चांगलं होतं, असं म्हणता येत नाही. दुसऱ्या दिवशीच्या नमुन्यावरून आदल्या दिवसाचा निवाडा करणं ही या कामातली सगळ्यात सोपी चूक आहे. रविवारच्या दुधाबद्दल बोलू शकणारी एकच वस्तू उरली होती: ताईंच्या फ्रिजमधली ती न कापलेली लादी.

लादी आणि तुकडे

लादीचे 25 ग्रॅम आणि चाटमधल्या पनीरचे 25 ग्रॅम वेगवेगळे तोलले, वेगवेगळ्या पिशव्यांत पातळ केले आणि काचेच्या ताटल्यांतल्या बेअर्ड-पार्कर अगारवर, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीवर, पसरले. 37 अंशांवर 48 तास. हा जंतू या काचेच्या ताटलीवर काळ्याभोर, चकचकीत ठिपक्यांसारखा उगवतो आणि त्याच्याभोवती पारदर्शक कडं दिसतं. लादीच्या ताटल्या कोऱ्या राहिल्या. तुकड्यांच्या ताटल्यांवरून हिशोब आला ग्रॅमला 40 लाख. सशाच्या रक्तद्रवात घालून कोअॅग्युलेज चाचणी केली, द्रव गोठला, म्हणजे स्टॅफिलोकॉकस ऑरियसच. विषाची चाचणी आमच्याकडे होत नाही, ती मोठ्या प्रयोगशाळेतून करून घेतली. तुकड्यांत विष होतं, लादीत नव्हतं.

दूध एकच, घाणा एकच, दाबाखालून एकाच वेळी निघालेलं पनीर. रविवारच्या दुधात विष असतं तर ते लादीतही सापडलं असतं. फरक एवढाच की अर्धं पनीर कापलं गेलं आणि अर्धं फ्रिजमध्ये गेलं.

मग ताईंबरोबर बसून रविवारची सकाळ पुन्हा मांडली. साडेसहाला दूध, नऊला पनीर तयार, साडेदहाला दाबाखालून बाहेर, साडेअकरापर्यंत कापून झालं. बाराच्या सुमारास डबे हॉलवर पोचले आणि संध्याकाळी सातपर्यंत टेबलावर तसेच राहिले. कापायला मदतीला येणाऱ्या मुलीच्या बोटाला चिरा होता आणि त्यावर कापडी पट्टी. ती समोर बसून रडायला लागली. मी तिला सांगितलं आणि ताईंनाही सांगितलं, की जंतू तिच्याच बोटातून आला हे मी सिद्ध केलेलं नाही. तो ताईंच्या नाकातूनही आलेला असू शकतो, निरोगी माणसांपैकी कितीतरी जणांच्या नाकात तो असतो. शिवाय हातावरून आलेले ग्रॅमला शंभर जंतू पोटात गेले असते तर कुणाला काहीच झालं नसतं. शंभराचे दहा लाख व्हायला तेरा-चौदा दुपटी लागतात. मुंबईच्या मे महिन्यात अर्ध्या तासाला एक दुप्पट धरली, तर सात तास पुरतात. ती दुपार नेमकी सात तासांची होती. मुलीला कामावरून काढू नका, बोट बरं होईपर्यंत पॅकिंगला बसवा, एवढंच मी ताईंना म्हटलं, आणि त्यांनी ते ऐकलं.

ज्याची तक्रार कुणीच केली नव्हती

इथे प्रकरण संपलं असतं. पण सोमवारी ताईंच्या स्वयंपाकघरात मला फ्रिजमध्ये खारट पाण्यात तरंगणारे पांढरे गोळे दिसले होते. टोपली पनीर. दादरच्या पारशी कॉलनीतल्या एका आजींनी ताईंना ते शिकवलं आणि जाताना आपल्या दहा वेताच्या टोपल्याही दिल्या. हे पनीर दूध फाडून करत नाहीत. कोमट दुधात रेनेट, म्हणजे दूध घट्ट लावणारं विकर (एन्झाइम), घालायचं, दही लागल्यासारखं लागलं की टोपल्यांत भरायचं, निथळलं की खारवलेल्या निवळीत ठेवायचं. मऊ, थरथरणारं, तोंडात विरघळणारं. 23 घरी जायचं आणि कुणाचीही कधी तक्रार नव्हती.

"दूध किती गरम करता?" मी विचारलं होतं. "चांगलं गरम, मॅडम. बोट ठेवता येईल एवढं." म्हणजे जेमतेम 45-50 अंश. पाश्चरायझेशनला 63 अंशांवर 30 मिनिटं, नाहीतर 72 अंशांवर 15 सेकंद लागतात. मी त्याच दिवशी पाच डबे उचलले होते. त्यावर फॉस्फटेज चाचणी केली. हे विकर कच्च्या दुधात असतंच आणि पाश्चरायझेशनने नेमकं नष्ट होतं, त्यामुळे ते सापडलं तर दूध पुरेसं तापलेलं नाही. नळीतला रंग गडद आला.

1985 साली लॉस एंजेलिसमध्ये अशाच ताज्या मऊ चीजमुळे लिस्टेरिया या जंतूची साथ आली होती. 142 जणांना लागण झाली, 48 मृत्यू झाले, आणि त्यांत गर्भातली आणि नुकती जन्मलेली बाळं मोठ्या संख्येने होती. तिथेही चीजमध्ये फॉस्फटेज सापडलं होतं. टोपली पनीर हातात घेताना मला ती साथ आठवल्याशिवाय राहत नाही. लिस्टेरिया मोनोसायटोजिनिस फ्रिजच्या थंडीतही वाढतो आणि मीठही बऱ्यापैकी सोसतो. स्टॅफिलोकॉकसने रात्रभर उलट्या होतात आणि सकाळी माणूस उठून बसतं. लिस्टेरिया गरोदर बाईच्या बाळापर्यंत पोचतो, आणि खाल्ल्यापासून आजारापर्यंत कधी कधी दोन महिन्यांहून जास्त काळ जातो. दोन महिन्यांपूर्वी खाल्लेलं पनीर कुणाला आठवणार?

त्याची तपासणी हळू चालते. 25 ग्रॅम पनीर 225 मिलिलिटर अर्ध्या तीव्रतेच्या फ्रेझर द्रवात (लिस्टेरिया वाढवायच्या द्रवात) 30 अंशांवर एक दिवस ठेवायचं, मग पूर्ण तीव्रतेच्या द्रवात 37 अंशांवर आणखी एक दिवस, मग विशेष अगारवर. नियमाप्रमाणे पाच नमुने घ्यायचे आणि पाचांपैकी एकाच्याही 25 ग्रॅममध्ये हा जंतू सापडता कामा नये. शुक्रवारी पाचांपैकी एका ताटलीवर निळसर हिरवे ठिपके दिसले, प्रत्येकाभोवती धुरकट कडं. बाकीच्या चार स्वच्छ. ताईंनी त्या चारांपैकी एखादाच डबा आणून दिला असता तर मी "आढळला नाही" असा अहवाल लिहिला असता, आणि तो पूर्ण खरा असता.

खात्री व्हायला अजून दोन-तीन दिवस होते. लिस्टेरियाच्याच कुळातल्या निरुपद्रवी इनोक्युआचे ठिपकेही निळसर हिरवे असतात, फक्त त्यांना ते कडं नसतं, आणि कड्यावरून एकट्याने निर्णय देणं नियमात बसत नाही. तरी मी त्याच संध्याकाळी ताईंना फोन केला. विक्री बंद करा, वहीतल्या सगळ्या घरांना सांगा, असेल ते खाऊ नका. अहवालाची वाट पाहण्याइतका वेळ आहे असं मला वाटलं नाही. आजही वाटत नाही.

ताईंनी त्या रात्री 23 फोन केले. त्यांतली एक गिऱ्हाईक गोरेगावची, सातव्या महिन्यातली. आठवड्यातून दोनदा हे पनीर खायची, कॅल्शियम मिळतं म्हणून. ताई माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांना नीट बोलताही येत नव्हतं. त्या मुलीला मी स्वतः फोन केला आणि लगेच तिच्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं. ताप नव्हता, काही त्रास नव्हता, म्हणून डॉक्टरांनी औषध दिलं नाही. दोन महिने लक्ष ठेवा, अंगदुखी किंवा ताप आला तर रात्री-अपरात्रीसुद्धा या आणि काय खाल्लं होतं ते आधी सांगा, एवढं समजावलं. सोमवारी खात्री झाली: लिस्टेरिया मोनोसायटोजिनिसच होता. पुढे तिचं बाळंतपण वेळेवर झालं, बाळ आणि आई सुखरूप. ते दोन महिने मात्र ताई रोज सकाळी तिला मेसेज करत होत्या.

टोपल्या

तबेल्यातल्या कच्च्या दुधात लिस्टेरिया सापडला नव्हता. मग आला कुठून? फ्रिज, ओटा, सुरी, मोरी आणि टोपल्या, सगळीकडून ओले बोळे फिरवून नमुने घेतले. दहापैकी तीन टोपल्यांत सापडला. ताई त्या गरम पाण्याने नीट धुवायच्या, पण वास लागू नये म्हणून ओल्याच फ्रिजमध्ये ठेवायच्या. वेताच्या विणीत दुधाचा चिकट अंश अडकतो, घासणी तिथे पोचत नाही, आणि थंडीत इतर जंतू मागे पडतात तेव्हा लिस्टेरियाला मोकळं रान मिळतं. कधीतरी एखाद्या दिवशीच्या कच्च्या दुधातून तो आला असेल आणि मग तिथेच राहिला असेल.

म्हणून नुसतं दूध पाश्चराइज करून भागणार नव्हतं, त्या टोपल्यांत भरताच ते पुन्हा बाटलं असतं. आणि नुसत्या टोपल्या बदलूनही नाही. कच्च्या दुधात ब्रुसेला हा जनावरांकडून माणसाला लागणारा जंतू असू शकतो, क्षयाचे जंतू असू शकतात, आणि त्यांची वाढ करून तपासणी साध्या प्रयोगशाळेत करणं त्या काम करणाऱ्यांसाठीच धोक्याचं असतं. त्यांच्यावर दूध नीट तापवणं हाच उपाय आहे. आता ताई दूध मोठ्या पातेल्यात पाणी ठेवून, त्यात दुसरं पातेलं बसवून, सळईच्या थर्मामीटरने पाहत 63 अंशांवर अर्धा तास ढवळत धरतात, मग कोमट करून रेनेट घालतात. टोपल्यांऐवजी भोकांचे प्लास्टिकचे साचे आले, रोज दहा मिनिटं उकळलेले. आजींच्या टोपल्या टाकायला त्यांचा हात धजेना. त्या धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून दिवाणखान्यात भिंतीवर टांगल्या आहेत, त्या फ्रेममधल्या अहवालाच्या जागी.

दुसऱ्या फेरीत पनीर स्वच्छ निघालं, पण फ्रिजच्या दाराच्या रबरात पुन्हा लिस्टेरिया सापडला. रबर बदलून तिसरी फेरी केली. पाचही नमुने, सगळे बोळे निर्मळ. त्यानंतरच डबे विकायला गेले. साध्या पनीरच्या डब्यावर आता कापल्याची वेळ लिहिलेली असते आणि डबे बर्फाच्या पेटीतूनच जातात.

भैयांचे अडवलेले पैसे द्यायला ताई मला घेऊन पुन्हा जोगेश्वरीला गेल्या. त्यांनी अहवाल उघडून दाखवला, माफी मागितली. भैयांनी कागदाकडे फारसं पाहिलं नाही. ती चार वाट्यांची थाळी कुठे मिळते एवढंच विचारलं. मी माझ्याकडची दिली. एका म्हशीला एक फडकं असं आता तिथे चालतं, आणि त्या दोन म्हशींची धार सगळ्यात शेवटी, वेगळ्या कॅनमध्ये काढतात.